एका बाहीचा स्वेटर

माझ्या लग्नाच्या रुखवतात एक तोरण होतं. मॅटीच्या पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्यानं, फुल्याफुल्यांच्या टाक्यात, मी ‘सुस्वागतम्’ भरणार होते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत माझी मजल ‘सुस्वा’पर्यंत गेली. आईनं कपाळाला हात लावला आणि पुढच्या कोऱ्या भागावर अनारशांचं मोठं ताट ठेवून दिलं. मिरजेच्या त्या कार्यालयात सगळ्यांनी रुखवत बघितलं, वाहवा केली, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आलं ते फक्त नवऱ्याच्या थोरल्या बहिणीच्या.

माझं सासर मद्रासचं, मूळचं तंजावरकडचं. घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. त्यांच्याकडे रुखवत हा प्रकार नसल्यामुळे तिथली ताटं हलवायची नसतात हे नणंदबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी अनारशांचं ताट उचललं, खालचं कोरं कापड बघितलं, आणि जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारख्या त्यांच्या मराठीत खणखणीत विचारलं, “पुढचें कोठें आहे?”

तो प्रश्न मला एकोणतीस वर्षं पुरला. कारण मी काहीही सुरू करते. सुरू करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. आणि नणंद, जिला अख्खं घर अक्का म्हणतं, ती मुलींच्या शाळेत हस्तकलेची शिक्षिका होती. तिनं लग्न केलं नाही. आमच्याच घरी राहिली. तिनं सुरू केलेली वस्तू पूर्ण व्हायचीच, आणि मागची बाजू पुढच्या बाजूइतकी स्वच्छ असायची. परीक्षकांनी यावं आणि उलटून बघावं.

दीड वर्षापूर्वी आमचे हे गेले. रविवारी सकाळी, पेपर वाचता वाचता. मी रडले नाही. रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. माझ्या इतर कामांसारखं तेही अर्धवट राहिलं म्हणावं, तर मुळात सुरूच झालं नव्हतं. वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीतल्या शेजारणी येऊन बसल्या, बसची वाट बघावी तशी माझ्या रडण्याची वाट बघत राहिल्या. मी कॉफी घेणार का विचारलं तेव्हा त्यांचा फारच हिरमोड झाला. अक्काही रडली नाही. तिनं भावाचे सगळे रुमाल इस्त्री करून घडी घातले आणि पुन्हा त्याच्याच कपाटात ठेवले.

त्यानंतर आम्ही दोघी त्या घरात राहतो. दूध येतं, केर जातो, कुकरच्या शिट्ट्या होतात. वाईट काही वाटत नाही. चांगलंही नाही. मुलगी पेरुंगुडीला राहते, तिथल्याच एका ऑफिसात असते, रविवारी येते आणि माझ्याकडे ताप मोजल्यासारखी बघते. मी तिला म्हणते, अगं ठीक आहे मी. आणि ठीकच असते. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसासारखं सगळं स्वच्छ दिसतं, फक्त आपण तिथं आहोत असं वाटत नाही.

मग या वर्षी अक्काला अर्धांगाचा छोटा झटका आला. पाय आठवड्यात सावरला. वाचा शाबूत राहिली, म्हणजे पूर्वीइतकीच धारदार. राहिला तो उजवा हात. अंगठा आणि बोटं बधीर. “शेजारणीचा हात आणून लावल्यागत आहे,” ती म्हणाली. “मज तो ओळखत नाही.” तिला काय म्हणायचंय ते मला नको इतकं कळलं. हात पुसून दिला.

खरी अडचण जेवणाची होती. आमच्याकडे आधी सांबारभात, मग रसमभात, मग दहीभात, सगळं हातानं. चमचा हा औषधाचा. डाव्या हाताचा तर प्रश्नच नाही. आता अक्काला डाव्या हातात चमचा धरून जेवावं लागत होतं आणि ते कुणी बघावं हे तिला मान्य नव्हतं. तिनं स्वयंपाकघरात स्टूल ओढून घेतलं आणि दार लोटून जेवायला सुरुवात केली. मी म्हटलं, “अक्का, बाहेर या ना. मीच तर आहे.”

“हातानं जेवतां येईल तेव्हा येईन.”

झालं. चार खुर्च्यांच्या टेबलावर मी एकटी. आधी चौघं होतो, मुलगी लग्न होऊन गेली तशी तिघं, मग दोघी. एकटीनं जेवायची वेळ ही पहिलीच. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बजावलं होतं की हात वापरात ठेवा, नाहीतर जिथं आहे तिथं आखडून बसेल. दाबायला एक हिरवा रबरी चेंडू दिला होता. अक्कानं तो दोन दिवस दाबला आणि फळांच्या टोपलीत केळ्यांशेजारी ठेवून दिला. “मी काय मूल आहे, चेंडू खेळूं?” त्यानंतर तो तिथंच असायचा. मुलीनं एकदा तो पेरू समजून धुतला.

याच सुमाराला माळ्यावर वाळवी लागली. औषध मारायचं म्हणून सगळं खाली काढलं, त्यात माझी पिशवी निघाली. पिशवी कसली, माझ्या स्वभावाचा पंचनामा. त्यात ‘सुस्वा’ होतं. मुलीसाठी दुपटं म्हणून घेतलेल्या आणि पुढं तिच्या वाढीशी शर्यत हरलेल्या गोधडीचे तुकडे होते. आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मरून रंगाच्या लोकरीचा एका बाहीचा स्वेटर होता.

तो यांचा. मुलगी दुसरीत असताना यांची कुन्नूरला बदली होणार असं ठरलं होतं. डोंगरातली थंडी म्हणून मी उत्साहानं सुया घेतल्या. पाठ झाली, पुढची बाजू झाली, उजवी बाही झाली आणि बदली रद्द झाली. चेन्नईत स्वेटर कुणाला हवा? सुया तशाच टोचून ठेवल्या. हे मधूनमधून विचारायचे, “माझी दुसरी बाही कुठवर आली? की आता ऑफिसात एकाच हातानं काम करू?”

“अम्मा, टाकून दे ना हे सगळं,” मुलगी म्हणाली. “कोण वापरणार?”

तिचं बरोबर होतं. मी टाकणारही होते. पण औषधाच्या वासामुळे दोन दिवस पुढच्याच खोलीत बसायचं होतं, पंखा जोरात, टीव्ही बंद, आणि हातात पिशवी. म्हणून मी तोरण काढलं. प्रेरणाबिरणा काही नाही. सुईत दोरा गेला, एवढंच.

‘ग’ भरला. लाल दोरा संपला होता, म्हणून हिरव्या दोऱ्यानं भरला. अक्का समोरच्या आरामखुर्चीत होती. बराच वेळ तिनं सहन केलं असावं.

“तो ग खाली उतरला आहे.”

“थोडासा.”

“थोडासा? पायरी उतरून चालला आहे तो. आण इकडे.”

मी कापड दिलं. तिनं ते मांडीवर उजव्या तळव्याखाली दाबून धरलं आणि डाव्या हातानं टाका शोधला. डाव्या हाताला काही ते जमेना. मग तिनं नकळत उजवा अंगठा आणि तर्जनी पुढं केली. बोटं दोऱ्यावरून घसरली, पुन्हा घसरली, पुन्हा. चौथ्यांदा दोरा धरला गेला आणि ओढला गेला. एक ‘ग’ उसवायला तिला अर्धा तास लागला. मी शेंगा सोलायचं निमित्त करून खाली बघत होते. चेंडूला हात न लावणारा हात माझा दोरा ओढत होता. चेंडू ही तिला शिक्षा वाटत होती. माझी चूक ही तिची नोकरी होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिनंच विचारलं, “ग कोठवर आला?”

तसं रोजचं सुरू झालं. अकरा ते एक मी बनवायचं, तिनं उसवायचं. मला चुकण्यासाठी कष्ट घ्यावे लागत नव्हते. तोरण झालं, अर्धं लाल, अर्धं हिरवं, दाराला लागलं. मग गोधडी. मुलीच्या युनिफॉर्मचा चौकडीचा तुकडा, माझ्या ब्लाउजांची उरलेली कापडं, यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याचं धड, अक्काच्या सुती साड्यांचे काठ. मी धावदोरा घालत जायचे आणि कापडाला सुरकुत्या पडायच्या. अक्का म्हणायची, “गोधडी आहे की वडाम वाळत घातले आहेत?” वडाम म्हणजे आपल्या पापड-कुरड्यांचे तिकडचे भाऊबंद. आणि उसवायला घ्यायची. ती गोधडी मी एकदा शिवली, तिनं एकदा उसवली आणि मग मी पुन्हा शिवली.

हळूहळू अक्का पेपरचं पान उलटायला लागली. ब्लाउजचं वरचं बटण लावायला लागली. एके दिवशी कॉफीचा पेला उजव्या हातानं उचलला, थोडी सांडली, तिनं पुसली. पण भात जमत नव्हता. भात किती अवघड पदार्थ आहे हे मला तेव्हा कळलं. मोकळी शितं चार बोटांनी गोळा करायची, बोटं वाटीसारखी वळवायची, तोंडाशी न्यायचं आणि अंगठ्यानं आत ढकलायचं. जन्मभर आपण हे करतो आणि आपल्याला वाटतं आपण गप्पा मारतोय. स्वयंपाकघराचं दार लोटलेलंच होतं. आतून चमच्याचा आवाज यायचा.

गोधडी झाल्यावर राहिला स्वेटर. तो मी काढला तेव्हा अक्कानं फक्त लोकर चाचपून बघितली. “कसर लागली नाही,” म्हणाली. आता हा कुणासाठी, हे तिनं विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. सुलट-उलट, सुलट-उलट.

आणि इथं घात झाला. मी सुधारले. दोन महिने अक्काच्या नजरेखाली बसून माझा हात बसला. बाहीचे टाके सारखे पडायला लागले. अक्का अकरा ते एक रिकामी बसायला लागली. बघायची, मान हलवायची, उजवा हात मांडीवर तसाच. तिसऱ्या दिवशी मला दिसलं की बोटं पुन्हा आत वळायला लागलीत.

म्हणून मी टाका सोडला. मुद्दाम. कडेपासून तिसरा. अक्का खूश. “हं, आण.” तिनं चार ओळी उसवल्या, लोकर बोटाभोवती गुंडाळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कडेपासून तिसरा. मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. नवीन काही वाटण्याचे प्रसंग कमी होते, तेव्हा तेवढंही मी जपून ठेवलं.

त्याच्या पुढच्या दिवशी अक्कानं बाही हातात घेतली, चष्मा वर केला आणि सुटलेल्या टाक्यावर बोट ठेवलं.

“काल तिसरा. परवा तिसरा. आज तिसरा.”

“लक्ष नव्हतं हो.”

“तुझें लक्ष कधींच नसतें. पण तुझ्या चुकांना शिस्तही नसते. तीस वर्षं मुलींच्या चुका पाहिल्या मी. ही शिस्तीची चूक आहे. कोणाची?”

मी लोकरीचा गुंडा उगीच गुंडाळायला घेतला.

“मुद्दाम करालीस?”

“अक्का, तुमचा हात—”

“मज तुझी दया नको.” तिनं बाही माझ्या मांडीवर ठेवली. फेकली असती तर बरं वाटलं असतं. नीट, घडी घालून ठेवली. “पोदुम. पुरे झालें.”

त्या दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटलेलं नव्हतं, कडी लावलेली होती.

तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मीठ. बिल आलंय. पाणी सोडलंय. अकरा वाजता ती खोलीत जाऊन पडायची. उजवा हात ती दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळावं तसा डाव्या हातानं उचलून पोटावर ठेवायची. मला अपराधी वाटायला हवं होतं. मी त्या भावनेसाठी जागा करून वाट बघितली. ती आली नाही. राग मात्र आला. अक्काचा नाही, त्या बाहीचा. वीस वर्षं ती बाही पिशवीत पडली होती, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग मी ती झपाट्यानं विणून टाकली. मोजलं नाही, बघितलं नाही. मरून लोकर मनगटापाशी शिवणीपुरतीच राहिली, तर मुलीच्या जुन्या टोपऱ्यातली पिवळी उरली होती ती लावली. गुरुवारी सकाळी बाही स्वेटरला शिवली, गाठ मारली, धागा दातानं तोडला. आयुष्यात पहिल्यांदा माझी पिशवी रिकामी झाली.

स्वेटर मी जेवणाच्या टेबलापाशी यांच्या खुर्चीच्या पाठीवर घातला. खुर्चीला दोन बाह्या आल्या. मी समोर उभी राहिले. वाटलं होतं, आता तरी काही होईल. रडू येईल. कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बारीक केला.

परत आले तर अक्का तिथं उभी. पाणी प्यायला उठली होती. स्वेटरकडे बघत होती.

“उलटी आहे.”

“काय?”

“बाही. आंतली बाजू बाहेर लावली आहेस.”

मी बघितलं. खरंच. एक बाही सुलट, एक उलट. भर दिवसा, चष्मा लावून, दोन हातांनी मी हे केलं होतं.

अक्कानं माझ्याकडे रोखून बघितलं. “ही मुद्दाम?”

“नाही हो अक्का. आईशपथ नाही.”

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, शिवणीवर ठेवला. स्वेटर खुर्चीवरून काढला, त्याच खुर्चीत बसली, आणि काखेतली शिवण उजेडाकडे धरून तपासली. एक टाका लांब, एक आखूड, मध्येच गाठ, गाठीवर आणखी एक गाठ. तिचा चेहरा हळूहळू निवळला.

“ही तुझीच,” ती म्हणाली. मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

शिवण उसवणं हे ओळी उसवण्यासारखं नसतं. ओळ ओढली की सरसरत येते. शिवणीचा धागा त्याच लोकरीचा, त्याच रंगाचा, विणीत दडलेला. तो नखानं शोधावा लागतो. अक्कानं शोधायला सुरुवात केली. अंगठा आणि पहिलं बोट, मग मधलंही आलं. सापडायचा, निसटायचा. ती पुटपुटत होती, मला, लोकरीला, मिरजेला. मी पलीकडं बसून कोशिंबिरीची काकडी चिरली. मग उगीच आणखी एक काकडी चिरली. एक वाजून गेला. दीड झाला. माझ्या दोन गाठींपाशी ती वीस मिनिटं अडली होती. “काय जीव घेतला आहेस या गाठीचा!” पण सोडली तिनं. दोन्ही सोडल्या. बाही सुटून तिच्या मांडीवर पडली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती टेबलाशी बसली आहे. माझ्या आधीच आलं होतं. मी दोन ताटं घेऊन उभी होते आणि चमच्याचं काय करावं ते मला सुचत नव्हतं. तिच्या ताटात ठेवला तर एक झालं, न ठेवला तर दुसरं. शेवटी मी चमचा टेबलाच्या मधोमध ठेवला. कुणाचाही असू शकतो असा.

अक्कानं चमच्याकडे बघितलं. उठली. मला वाटलं, स्टुलाकडे. ती हात धुऊन परत आली.

“सांबार नको. दहीभातच दे. घट्ट.”

मी घट्ट कालवून वाढला. तिनं उजवा हात भातात घातला. पहिला घास तोंडापर्यंत येण्याआधीच सांडला. दुसरा हनुवटीला लागला. मी माझ्या ताटात बघून जेवत राहिले. सांबारभातात बघण्यासारखं पुष्कळ असतं. तिसरा अर्धा गेला. मग एक पूर्ण गेला. तिच्या बोटांना लोकरीचे मरून तंतू चिकटले होते, हात धुऊनही गेले नव्हते, त्यातला एक भाताबरोबर गेला असावा. तिनं तो जिभेवरून काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचा घास घेतला.

“मोर-मिळगाय आहे?”

सांडगी मिरची. मी तळलेली वाढली.

जेवायला तिला पाऊण तास लागला. टेबलावर शितं, मांडीवर शितं, मुंग्यांची त्या दिवशी चैन झाली. मला काही वाटत होतं का? मी तपासलं. पोट भरलं होतं. पंखा फिरत होता. खाली इस्त्रीवाल्याकडे कुणीतरी कुणाशी तरी भांडत होतं. एवढंच.

हात धुऊन आल्यावर अक्कानं स्वेटर ओढून घेतला, बाही सुलट केली आणि काखेपाशी जुळवून बघितली.

“बाही मी लावतें,” ती म्हणाली. “तू फक्त धर. धरतां तरी येईल ना?”

“येईल.”

“हलूं नको.”

मी बाही दोन्ही हातांनी धरली. ती इतका वेळ अक्काच्या मांडीवर होती, म्हणून गरम होती. चेन्नईत दुपारी अडीच वाजता सगळंच गरम असतं, त्यात विशेष काही नाही. मी हलले नाही.